सांडूमामांची दहा उत्तरं

आमच्या शाळेचे शिपाई सांडूमामा मोबाइलमधल्या बाईंना उठून नमस्कार करतात. म्हणजे खरोखर उठून. प्रशिक्षणाच्या व्हिडिओत त्या बाई येऊन "नमस्कार, आपलं स्वागत आहे" म्हणाल्या, की मामा स्टुलावरून उभे राहतात, टोपी नीट करतात, "नमस्कार बाई" म्हणतात आणि मगच बसतात. मध्येच कुणी आलं तर हळू आवाजात सांगतात, "थांबा जरा, बाई बोलून राह्यल्या." व्हिडिओ थांबवता येतो, हे मी त्यांना दोनदा दाखवलं.

"थांबवता येतो की," मामा म्हणाले, "पन बोलत्या माणसाला मधीच गप करणं बरं दिसतं का, सर?"

प्रशिक्षण साधंच होतं. शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी ईमेल, कॅलेंडर, फॉर्म, तक्ते असली ऑनलाइन साधनं वापरायला शिकायचं. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या सोयीच्या गतीने पूर्ण करावे', आणि खाली महिनाअखेरची तारीख होती. आम्ही शिक्षकांनी तारीख तेवढी वाचली. मामांनी वरची ओळ वाचली आणि लाल पेनाने अधोरेखित केली.

"अठ्ठावीस वर्सं झाली नोकरीला. जल्दी आण, जल्दी जा, एवढंच ऐकलं. पयल्यांदा कुणी लिहून दिलं, की बाबा, तुझ्या सोयीनं कर. मंग आपण बी काम बराबर करायचं."

मी शाळेचा तंत्रस्नेही शिक्षक, म्हणजे प्रोजेक्टर चालला नाही की ज्याच्या नावाने सगळे ओरडतात तो. पण माझं स्वतःचं प्रशिक्षण मी जाफराबादच्या जीपमध्ये, चौदा माणसांत चेंगरून, आवाज बंद ठेवून उरकलं. चाचण्यांची उत्तरं ग्रुपवर टाकली आणि सगळा स्टाफ एका दुपारीत हुशार झाला. मामा तेवढे राहिले. त्यांना उत्तरं नको होती. ते व्हिडिओतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी बाईंना तोंडी सांगायचे आणि मग दाबायचे.

आणि शिकलेलं ते वापरायचे, हे तर फारच झालं! ईमेलचा धडा झाला त्या दिवशी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या मुख्याध्यापकांना मेल पाठवला: 'पाण्याची टाकी भरली आहे. कळावे.' मग स्वतः जाऊन मेल पाठवल्याचं सांगितलं आणि साहेबांनी तो उघडून वाचेपर्यंत दारात उभे राहिले. कॅलेंडरच्या धड्यानंतर सगळ्यांना निमंत्रण आलं: रविवार, सकाळी सात, टाकी धुणे. चित्रकलेच्या सरांनी न बघताच 'होय' दाबलं. सोमवारी मामा त्यांना फार नरमाईने म्हणाले, "सर, काल साडेआठपर्यंत वाट पाह्यली तुमची. ब्रश बी दोन आणल्ते." सर आता घड्याळाचा गजर वाजला तरी तीनदा वाचतात.

शेवटचं काम एक फॉर्म तयार करण्याचं होतं. आपल्याला खरोखर हवी असलेली माहिती त्यात विचारायची, दहा उत्तरं गोळा करायची, की प्रमाणपत्र. मी 'पालक अभिप्राय' असा एक फॉर्म केला, बाकीच्यांनी त्याची नक्कल मारली आणि आम्हीच एकमेकांचे पालक होऊन अर्ध्या तासात सगळं भरून टाकलं. एकोणीस जणांपैकी अठरा पूर्ण. मामांचं रोज फक्त एक उत्तर वाढायचं.

मुख्याध्यापकांचा जीव टांगणीला लागला. तालुक्यात शंभर टक्के झालेली आमची पहिली शाळा ठरणार होती, आणि सगळं मामांपाशी अडलं होतं. "तुम्ही त्यांचं भरून मोकळे व्हा," ते मला म्हणाले. मी मामांना पासवर्ड मागितला.

"बिलकुल न्हाई," मामांनी मोबाइल छातीशी धरला. "कुणालाच सांगायचा न्हाई, बाईंनी सांगितलंय."

शेवटच्या दिवशी पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. साडेचारला मी मामांना शोधत प्रयोगशाळेत गेलो. मामा स्टुलावर बसलेले, समोर मोबाइल, शेजारी दुपारचा डबा तसाच बांधलेला. नऊ उत्तरं आली होती.

"मामा, एक उत्तर मीच भरतो ना," मी म्हणालो.

"तुमचं न्हाई चालत, सर," असं म्हणत त्यांनी मोबाइल माझ्याकडे फिरवला.

फॉर्ममध्ये एकच प्रश्न होता. 'आज जेवण झाले का?' त्याखाली होय, नाही आणि इतर. खालच्या तक्त्यात नऊ दिवसांची नऊ उत्तरं.

"समदी आमच्या वर्षाची हायेत," मामा म्हणाले.

वर्षा ही मामांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, ती मामांच्या मागे मागे याच शाळेच्या आवारात वाढली, आता संभाजीनगरला दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं. मामा लग्नाला गेले नाहीत, शिवाय फोनवर नको ते बोलले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"फोन कराया तोंड न्हाई राह्यलं, सर. मंग बाईंनी फॉर्म शिकवला. तिला धाडला. वर लिवलं, कार्यालयीन प्रशिक्षणासाठी माहिती हवी आहे, कृपया सहकार्य करावे. आपला विश्वासू." मामांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "पयल्याच दिवशी होय आलं. पाचव्या दिवशी नाही आलं, तवा दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. पन का जेवली न्हाई ते इचारावं कसं? तसा प्रश्नच टाकला न्हाई मी."

मला स्वतःची लाज वाटली. आमच्या अठरा फॉर्मांमधलं एकही उत्तर कुणाला नको होतं. पाचला पोर्टल बंद झालं, की मामांना तिला विचारायला निमित्तच उरणार नव्हतं. प्रमाणपत्राचा विषय सोडून मी त्यांच्याजवळ बसलो.

पावणेपाचला मोबाइल वाजला. दहावी ओळ उमटली. होय नव्हतं, नाही नव्हतं. 'इतर'च्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'अण्णा, तुम्ही जेवलात का?'

मामांनी ते तीनदा वाचलं. मग मोबाइल माझ्यापुढे केला. "सर, ह्याचं उत्तर कंच्या रकान्यात लिवायचं?"

"याला रकाना नसतो, मामा. फोन लावा."

"उचलंल का?"

तिने पहिल्याच रिंगला उचलला. दारात मुख्याध्यापक येऊन घड्याळाकडे बोट दाखवू लागले. मी त्यांना हातानेच थांबवलं. मामा उभे राहिले होते. सगळ्या प्रशिक्षणात एकही खोटं उत्तर न दिलेला तो माणूस बांधलेल्या डब्यावर हात ठेवून म्हणाला, "जेवलो ना, बाई. पोटभर जेवलो."