करुणाची फाइल आणि सगळी बोर्डं

"पम्या, तुह्या त्या बोर्डावर फाइल सापडती म्हणं," प्रमोदच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात चपला काढता काढता भागूबाई म्हणाली.

भागूबाई त्याची सख्खी आत्या. तिचा नवरा हिंगोलीच्या हळद-तेलबिया बोर्डात चौकीदार होता. तो नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी लेकीला, करुणाला, अनुकंपेवर घ्यायचं ठरलं. ठरलं खरं, पण फाइल हरवली. आता करुणाच्या वयाची अट पुढच्या महिन्यात संपत होती. तिथले मोठे बाबू वैजनाथराव दर खेपेला तोंडातलं पान सावरत एकच वाक्य म्हणत, "बाई, फाइल वर गेली." वर म्हणजे कुठं, असं विचारलं की ते छताकडं बघत.

प्रमोदचं बोर्ड निराळं. इंटरनेट हिंगोलीच्या वेशीपर्यंतही पोचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईत कुणा हौशी माणसाच्या घरी कॉम्प्युटर असायचा, त्याला म्हणायचं बुलेटिन बोर्ड. इथून त्याला फोन लावायचा. मॉडेम आधी शीळ घाली, मग तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र करी, आणि एसटीडीच्या बिलाच्या धास्तीनं प्रमोद श्वास रोखून बसे. हव्या त्या फाइलचं नाव निरोपात लिहून ठेवलं की तो निरोप एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाई. जागोजागची यंत्रं आपापली कपाटं धुंडाळीत आणि उलट टपाली कळवीत, आहे किंवा नाही. मग नुसती वाट पाहायची. पण काय गोड वाट होती ती! आता सगळं चुटकीसरशी सापडतं, पण तो आनंद काही परत सापडला नाही.

हे सारं प्रमोदनं एकदा मोठ्या फुशारकीनं करुणाला सांगितलं होतं. शेजारी तांदूळ निवडणाऱ्या आत्याच्या कानात त्यातले दोनच शब्द राहिले, बोर्ड आणि फाइल.

"आत्या, त्या फायली येगळ्या. खेळ, चित्रं, छापायची अक्षरं असतात त्याच्यात."

"एक बोर्ड दुसऱ्या बोर्डाला विचारतं का न्हाई?"

"विचारतं."

"समदे आपापली कपाटं पाहतेत का न्हाई?"

"पाहतात, पण..."

"मंग काहून पण-पण करून राहिला? लेकराच्या नौकरीचा सवाल हाय. टाक नाव!"

आत्यापुढं कुणाचं शहाणपण चालतं? प्रमोदनं इंग्रजीत 'करुणा' एवढंच नाव टाकलं आणि सुटका झाली म्हणून निःश्वास सोडला.

आठवडा सरत आला तशी उत्तरं येऊ लागली. मुंबई, कलकत्ता, बंगलोर, सगळीकडून एकच सूर, कपाट पाहिलं, फाइल नाही. फक्त दिल्लीच्या एका बोर्डावर करुणा सापडली, आणि तीही बुद्धाच्या करुणेवरचं प्रवचन म्हणून. भागूबाईनं त्या उत्तरांचा छापील कागद कपाळाला लावला.

"आत्या, ह्याचा काई उपयोग न्हाई."

"न्हाई कसा? दिल्लीत करुणा हाय अन् हितंच न्हाई, असं लिवलंय ना?"

प्रमोद चहा सांगून परत येतो तर आत्या नाही, करुणा नाही, आणि प्रिंटरचा तो कडेला भोकं पाडलेला लांबलचक कागदही नाही. खोटे कागद दाखवल्याची केस होते की काय, या भीतीनं त्यानं हळद बोर्डाकडं सायकल अशी हाणली की बाजारातली माणसं बाजूला झाली.

तो पोचला तेव्हा वैजनाथराव चष्मा वर-खाली करत तो इंग्रजी कागद वाचत होते. तोंडातलं पान थांबलं होतं.

"दिल्लीला कोणी कळवलं हे?"

"माह्या भाच्यानं," भागूबाई म्हणाली. "समद्या बोर्डांला कळवलंय."

खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून प्रमोद घाईघाईनं म्हणाला, "साहेब, तसं न्हाई हो. ही माणसं न्हाईत, मशीन हाय. ती आपोआप विचारती."

"आपोआप?" वैजनाथराव उठून उभे राहिले. "म्हंजी थांबवता बी येत न्हाई?"

"आता न्हाई येत. निरोप गेला की गेला."

"अन् अजून उत्तरं येतील?"

"येतील की. रोज येऊन राहिलीत."

प्रमोदच्या तोंडून एक अक्षर खोटं निघालं नव्हतं, पण दर खऱ्या वाक्यागणिक वैजनाथरावांचा चेहरा पांढरा पडत गेला. कपाटं उघडली. गठ्ठे सुटले. वर्षानुवर्षांची धूळ उठली आणि सगळं ऑफिस शिंकू लागलं. शेवटी पाण्याचा माठ हलू नये म्हणून त्याच्याखाली घातलेला जाड पुठ्ठा शिपायानं ओढून काढला. तीच ती फाइल. वर गेलेली फाइल इतकी खाली सापडल्यावर कुणी हसलं नाही. करुणा मात्र भिंतीकडं तोंड करून रडली.

वय संपायच्या आत करुणाला ऑर्डर मिळाली. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे प्रमोदच्या क्लासात वाटले जात होते, त्या दुपारी वैजनाथराव आले. पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मुलं गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"सर, माझी बढतीची फाइल. औरंगाबादला पाठवली होती. तिथले बाबू म्हणतात, वर गेली."

"साहेब, खरं सांगतो, ह्या बोर्डावर तसल्या फायली..."

"नसतात. ठाऊक हाय." वैजनाथरावांनी डोळा मारला. "त्या दिवशी बी तुमी असंच म्हणले होते. टाका नाव, वैजनाथ. फकस्त एक इनंती हाय."

"काय?"

"फाइल मशीनलाच हुडकू द्या. माणसाच्या हाती देऊ नका," ते कळवळून म्हणाले. "माणसं फायलीचं काय करतेत, ते आमाला चांगलं ठाऊक हाय."