दातांच्या डॉक्टरांची बदली

फौजी बुद्धिबळात आयुष्यात एकदाही हरलेला नव्हता! हे तो स्वतःच सांगायचा. लिफ्टमध्ये सांगायचा, ऑफिसात सांगायचा, दाढ उपटून तोंडात कापूस धरून बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा. त्या बिचाऱ्याला उलट काही विचारता यायचं नाही. आणि गंमत म्हणजे ते अजिबात खोटं नव्हतं.

आता फौजी म्हणजे फौजेतला माणूस नव्हे बरं का! हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी घ्यायच्या टेबलावर बसायचा आणि पाल दिसली तर त्याच टेबलावर चढायचा. फौजेत होते त्याचे आईबाबा. बाबा तोफखान्यात, आई लष्करी इस्पितळात परिचारिका. त्यामुळे फौजीचं बालपण ट्रंकांवर बसून गेलं. शाळेत नाव घालावं, एखादा मित्र जोडावा, त्याच्याशी बुद्धिबळाचा डाव मांडावा, आणि डाव रंगात येतोय तोच कुणाचे तरी बाबा बदलीचा हुकूम घेऊन दारात! कधी याचे, कधी त्याचे. पुन्हा चंबूगबाळं आवरा, पुन्हा नवी शाळा, पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात.

यातून फौजी एका विद्येत मात्र पारंगत झाला. बदली त्याला लांबून कळायची. आधी पडदे उतरतात. मग गाद्या बांधल्या जातात. मग न्यायला अवघड असलेलं सामान शेजाऱ्यांत वाटलं जातं. मग चहाबिस्किटं, एक भाषण, हस्तांदोलन, आणि ट्रक. हा क्रम त्याला पाढ्यांसारखा पाठ होता. निरोप देण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो छाती फुगवून म्हणायचा.

या अभिमानाच्या खाली एक जुनं दुखणं होतं. लहानपणी तो एकदा तापानं पडला होता. बरा होऊन पट काखोटीला मारून मित्राकडे गेला, तर दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर पडदेसुद्धा नाहीत. मित्र गेला होता, न सांगता. ते कुलूप फौजीला अजून सलायचं. निरोपाशिवाय कुणालाही जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, त्याला पुन्हा एक मित्र मिळाला होता. समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर. दवाखाना खाली रस्त्याला लागून, घर वर फौजीच्या समोर. दर रविवारी डॉक्टर हातांच्या हिरव्या खुर्चीत बसायचे, फौजी स्टुलावर, आणि खिडकीशी पट. गेल्या वर्षी मांडलेला डाव अजून चालूच होता. डॉक्टरांना विचार करायला वेळ लागायचा, आणि डाव जरा अडचणीत आला की फौजीला घरचं काम आठवायचं.

अशात एका सकाळी फौजी डबा घेऊन निघाला आणि जिन्यातच थबकला. डॉक्टरांचं दार उघडं होतं. आत पडदे नव्हते!

संध्याकाळी परत आला, तर दोन दारांमधल्या बोळात दोऱ्या आवळून बांधलेल्या गाद्या-उशा, गुंडाळलेला गालिचा, सोफा आणि ती हिरवी खुर्चीसुद्धा, प्लास्टिकमध्ये बांधलेली.

"अगं, डॉक्टरांची बदली झाली!" त्यानं घरात शिरताच जाहीर केलं.

बायको लग्न होईपर्यंत एकाच घरात, एकाच खोलीत, एकाच पलंगावर वाढलेली. ती शांतपणे म्हणाली, "अहो, दवाखाना त्यांचा स्वतःचा आहे. दातांच्या डॉक्टरांची बदली कोण करणार? दात?"

"पडदे उतरलेत! तुला नाही कळायचं ते!"

खात्री करून घ्यायला त्यानं आईला फोन लावला. आईनं इस्पितळातल्यासारखे दोनच प्रश्न विचारले.

"पडदे उतरलेत?"

"उतरलेत."

"गाद्या बांधल्यात?"

"बांधल्यात गं!"

"मग गेले समज. नीट निरोप दे आणि रडत बसू नकोस."

फौजीला रडू आलंच. मित्रानं आपल्याला सांगू नये? एवढंही नातं नव्हतं? दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांना जिन्यातच गाठलं.

"डॉक्टर, मला कळलंय."

डॉक्टर पांढरेफटक पडले. "काय कळलंय?"

"बोळातलं सामान पाहिलं मी. माझ्यापासून काय लपवता? माझं अख्खं बालपण यातच गेलंय!"

"अख्खं?"

"दर दोन-तीन वर्षांनी! नवं घर मिळालं, जरा स्थिरस्थावर झालो, की पुन्हा तेच."

डॉक्टरांच्या डोळ्यांत करुणा दाटून आली. "अरेरे! आणि काही उपाय?"

"उपाय कसला? आई म्हणायची, तोंडातून आवाज न काढता सोसायचं."

"थोर बाई!" डॉक्टरांनी इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "पण कृपा करून हे कुणाला बोलू नका. बाहेर फुटलं तर पेशंट यायचे बंद होतील."

"होणारच की!"

"रविवारी सकाळी माणसं येताहेत, म्हणजे संपेल एकदाचं. तोवर मूग गिळून बसा."

"आणि बोळातलं हे सगळं?"

"ते टाकूनच द्यायचंय."

"टाकता कसलं! एवढं चांगलं सामान! लोकांना देऊ की."

"नको हो, नको! कुणाला देऊ नका!" डॉक्टर म्हणाले, तेवढ्यात खालून पेशंटची हाक आली आणि ते धावले.

फौजीनं मान डोलावली. निघताना सगळे असंच म्हणतात. आमच्या जुन्या वस्तू कुणाला कशाला, वगैरे. संकोच, दुसरं काय! बाबांचे साहेबसुद्धा नको नको म्हणायचे, आणि मग त्यांचीच टेबलं पुढची दोन वर्षं सगळ्यांच्या घरी दिसायची.

फौजीनं शब्द पाळला. कुणालाही सांगितलं नाही. फक्त सोसायटीच्या अध्यक्षांना सांगितलं, कारण निरोप समारंभाला गच्ची हवी होती. अध्यक्षांनीही कुणाला सांगितलं नाही, फक्त बायकोला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत सगळ्या इमारतीला एक गुपित कळलेलं होतं आणि प्रत्येक जण ते दुसऱ्यापासून लपवत होता.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात झुंबड! ज्यांची कामं अर्धवट होती ते सगळे तोंडं उघडून हजर. तळमजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई तर कुणाचाच नंबर न जुमानता थेट आत घुसल्या.

"डॉक्टर, आधी माझा दात पुरा करा! मी पुढच्या महिन्यावर ढकलणार नाही!"

त्याच बाईंनी संध्याकाळी डॉक्टरांची शिडी आणून दिली. ती इतक्या वर्षांपूर्वी नेली होती, की डॉक्टर तिला ओळखेनातच. अध्यक्ष दवाखान्याच्या पाटीवरून डॉक्टरांशी पहिल्या दिवसापासून भांडत होते. त्यांनी सभेत ठराव करून पाटी आहे तिथे, आहे तेवढी, कायमची राहू द्यायची असं लेखी कळवलं. जाणाऱ्या माणसाच्या पाटीनं कुणाचं काय बिघडतंय!

"जग फार चांगलं आहे गं," डॉक्टर बायकोला म्हणाले. "आपण उगीच घाबरत होतो."

शनिवारी डॉक्टर दवाखान्यात आणि वहिनी बाजारात गेल्याचं पाहून फौजीनं बोळातलं सामान वाटायला काढलं. गाद्या अध्यक्षांच्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. सोफा शाळेतल्या बाईंकडे. उशा ज्याला त्याला एकेक, आठवण म्हणून. हिरवी खुर्ची मात्र त्यानं कुणाला दिली नाही. ती स्वतःच्या घरात, पलंगाशेजारी ठेवली. तिच्यात बसला आणि त्याला भडभडून आलं. रविवार संपले! आता पटापलीकडे कोण बसणार?

उरला गालिचा. तो त्यानं गच्चीवर समारंभासाठी अंथरला.

संध्याकाळी डॉक्टर आणि वहिनी परतताच त्यांना खालीच गाठून, पाण्याची टाकी गळतेय असं सांगून थेट गच्चीवर आणलं. बघतात तर अख्खी इमारत गालिच्यावर मांडी घालून बसलेली! डॉक्टरांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी काही बोलायच्या आत फौजी भाषणाला उभा राहिला.

"मित्रहो, घरं बदलतात, गावं बदलतात, पण माणूस..." इथे त्यानं रुमाल काढला. श्रोत्यांत चुळबुळ सुरू झाली. लोक अस्वस्थ होत होते, मांड्या बदलत होते, कुणी पाठीकडे हात नेत होतं. आपल्या शब्दांत एवढी ताकद असेल असं फौजीला वाटलं नव्हतं! त्यानं भाषण लांबवलं. अध्यक्ष तर उठून उभेच राहिले आणि डोळे पुसत, पोटरी खाजवत म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यासारखा शेजारी पुन्हा होणे नाही!"

डॉक्टर हार सावरत म्हणाले, "पण चाललंय कोण?"

"तुम्ही!"

"कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं!"

एवढ्यात वहिनींची नजर खाली गेली आणि त्या किंचाळल्या. "हा गालिचा इथे कुणी आणला? उठा! आधी सगळे उठा!"

डॉक्टर गर्रकन वळले. "फौजी, बाकीचं सामान कुठाय?"

"वाटलं!" फौजी अभिमानानं म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसणार होते, पण खाली गालिचा होता. ते उभेच राहिले. "अहो, ढेकूण होते हो त्यात! रविवारी औषध मारणारी माणसं येणार होती! तुम्हीच म्हणालात ना, अख्खं बालपण यातच गेलं?"

त्या रात्री इमारतीत कुणी झोपलं नाही.

रविवारी औषधवाले आले ते एका घरासाठी, आणि गच्चीपासून तळमजल्यापर्यंत फवारत राहिले. प्रत्येक खिडकीतले पडदे उतरले. प्रत्येक बोळात गाद्या, ट्रंका, बांधलेले गठ्ठे. एवढी मोठी बदली फौजीनं छावणीतसुद्धा पाहिली नव्हती! त्याची स्वतःची बायको जन्मात पहिल्यांदा ट्रंकेवर बसली होती आणि त्याच्याशी बोलत नव्हती.

त्यानं आईला फोन केला. "आई, बदली नव्हती. ढेकूण होते!"

"मग? आपण दर बदलीला गाद्या उन्हात टाकायचो ते काय होतं?" आई म्हणाली. "हवापालट?"

जिन्यात अध्यक्ष भेटले. त्यांच्या हातांवर लालभडक गांधी होत्या. ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही कधी निघताय? नाही, निरोप समारंभ सोसायटी आनंदानं करेल!"

आयुष्यात पहिल्यांदा फौजीला निरोपाची भीती वाटली. ट्रक नाही, हुकूम नाही, आणि तरी इथलं सगळं आपल्याच हातानं संपवलं! समोरच्या दाराकडे बघायचाही त्याला धीर होईना. डॉक्टर आता कशाला बोलतील आपल्याशी?

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. दोन्ही हातांत पट होता, पाण्यानं भरलेल्या ताटासारखा सांभाळून धरलेला. एवढ्या उलथापालथीत एकही मोहरा जागचा हलला नव्हता. त्यांनी पट बोळात जमिनीवर ठेवला आणि फरशीवर बसले.

"बसा. रविवार आहे."

फौजी उभाच राहिला. "म्हणजे तुम्ही कुठे जाणार नाही?"

"मी कशाला जातोय? घर वर, दवाखाना खाली. आणि आता तर पाटीसुद्धा लेखी मिळालीय. चाल तुमची."

फौजी बसला. त्याला इतका आनंद झाला, की पटावर काय चाललंय हे बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं. वजीर कोंडलेला होता. दोन्ही हत्ती केव्हाचे गेलेले.

"आज इथंच थांबू या का?" तो घाईनं म्हणाला. "घरी जरा काम..."

"घरी कसलं काम? घर तर बाहेर ठेवलंय!"

फौजीनं निमूट प्यादं सरकवलं.

"शह," डॉक्टर म्हणाले.

त्यानं राजा हलवला.

"शह. आणि मात."

फौजी पटाकडे बघत राहिला. डाव संपल्यावर पट कसा दिसतो, हे तो नीट बघून घेत होता.

"आयुष्यात पहिल्यांदाच हरलो," तो हळूच म्हणाला.

"असं? याआधी किती डाव पुरे खेळलात?"

फौजीनं मोजायला बोटं उघडली, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग हात मागे नेऊन पाठ खाजवायला लागला.