आईच्या कात्रीची नवी मूठ

परदेशात पाच वर्षं शिकून आलेल्या माणसाने परतल्यावर निदान महिनाभर घरातल्या कोणत्याही वस्तूला हात लावू नये. मी नवव्या दिवशी आईची कात्री सुधारायला घेतली.

आई बायकांचे कोट शिवते. बावीस वर्षं तीच जड लोखंडी कात्री धरून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. तो पाहिला आणि मला वाटलं, आपण शिकलो ते याचसाठी. (मला असं दिवसातून तीनदा वाटतं.)

माझा विषय कोपॉलिएस्टर, म्हणजे एका जातीचं प्लास्टिक. जेवताना मी तो घरच्यांना समजावून सांगितला. पॉलिएस्टरचे तुकडे दोन स्वभावांचे असतात. अ‍ॅरोमॅटिक तुकडे ताठ, समारंभात पहिल्या रांगेत बसणाऱ्या काकांसारखे. अ‍ॅलिफॅटिक तुकडे ऐसपैस, मिळेल तिथे पाय पसरणाऱ्या मामांसारखे. दोघांना एकाच साखळीत गुंफलं की मामांमुळे काकांना धड रांग धरता येत नाही. मग तो माल गरम पाण्यात मऊ होतो, हव्या त्या आकारात दाबता येतो आणि गार झाला की कडक होतो. पुन्हा गरम पाणी, पुन्हा मऊ.

बाबा म्हणाले, आपल्या घराण्यात काका आणि मामा एका साखळीत कधी टिकले नाहीत, तेव्हा जपून.

प्रमाण निम्मं-निम्मं घ्यायचं असतं. पण आईच्या कात्रीची नवी मूठ जन्मभर टिकावी म्हणून माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काका सत्तर टक्के घातले. (प्रेमापोटी. रसायनशास्त्रात प्रेमापोटी काही करू नये.)

दुपारी मी तो गोळा उकळत्या पाण्यातून काढला, हाताला सोसेल इतका निवू दिला, कात्रीच्या दोन्ही कड्यांवर लपेटला आणि आईला म्हणालो, नेहमीसारखी धर. तिने धरली. माल बोटांच्या मधल्या बेचक्यांत सुरेख बसला. आईला गुदगुल्या झाल्या. दहा मिनिटांनी ती म्हणाली, छान आहे रे, आता काढ.

निघेना.

मी कोमट पाण्याचं भांडं आणलं. मग गरम पाण्याचं. आईने सोसवेल तेवढं सोसलं, पण मूठ ढिम्म हलली नाही. मामा कमी पडले होते. काकांनी रांग धरली होती, आणि ती रांग मोडायला जेवढं तापवावं लागलं असतं तेवढं आईच्या हातासकट तापवणं शक्य नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होत्या. त्यांचा निरोपाचा कोट कापून तयार होता, शिवायचा बाकी होता आणि त्याच संध्याकाळी सहाला त्या तो न्यायला येणार होत्या. आईने बावीस वर्षांत एकही तारीख चुकवलेली नाही. आणि तिच्या उजव्या हाताला आता कात्री फुटली होती. त्या हाताने कापता येत होतं. सुई धरता येत नव्हती.

आई रागावली नाही, हेच वाईट होतं. ती नुसती घड्याळाकडे बघत राहिली. मी करवत आणू का विचारलं, तेव्हा मात्र तिने कात्री एकदा उघडून मिटली. मी करवतीचा विषय सोडला.

"अहो डॉक्टर," बाबा म्हणाले, (मी पीएचडी झाल्यापासून ते मला असंच म्हणतात) "तुमच्या त्या विद्यापीठात बोटात अडकलेली अंगठी कशी काढतात?"

मी म्हणालो, तो आमचा विषय नव्हता.

बाबांनी भांडंभर बर्फ आणला. बोटं आकसावीत म्हणून आईचा हात मुठीसकट त्यात बुडवला, मग पंधरा मिनिटं वर धरायला लावला, बेचक्यांत साबणाचं पाणी सोडलं आणि एकेक बोट अलगद फिरवत मागे ओढलं. आधी करंगळी सुटली. शेवटी अंगठा "पक्" करून बाहेर आला. मी जमिनीवरच बसलो. माझ्या प्रबंधाच्या मुलाखतीनंतरही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं.

आई मशीनवर बसली. सहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं बटण लागलं. मुख्याध्यापिकांनी कोट घालून आरशासमोर दोन फेऱ्या मारल्या आणि आईचा हात हातात घेतला. हात इतका गार कसा, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, मुलगा बाहेरून शिकून आलाय.

त्या गेल्या. घर शांत झालं. माझा जीव भांड्यात पडला आणि भांड्यात पडलेला जीव लगेच संशोधन करू लागला. सत्तर टक्क्यांची पकड नेमकी कशी बसते, हे पाहायला मी मूठ उचलली आणि बोटं आत सरकवली. माझा हात आईच्या हातापेक्षा मोठा आहे, हे मला आत गेल्यावर कळलं.

मी हाक मारली. आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग कात्रीकडे पाहिलं. मग कपाटातून खडूच्या खुणा केलेलं कापड काढून माझ्यापुढे अंथरलं.

"अडकलाच आहेस तर या सहा बाह्या कापून घे."

मी बर्फाचं विचारलं. बाबा म्हणाले, संपला. साबणाचं विचारलं. सहावी बाही कापून होईपर्यंत तो कुठे ठेवलाय, हे घरात कोणालाच आठवलं नाही.