उमेदवार सगुणाबाईस ओरडा मिळाल्याची बखर

अन्नपूर्णेस दंडवत घालून, आणि ज्यांचे अन्न आजवर खाल्ले त्या धन्यांची मनातल्या मनात माफी मागून, ही हकीकत लिहावयास बसलो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर. राज्याचे नाव पुसू नये. ज्यास ओळखायचे तो ओळखील आणि ज्यास राग यायचा त्यास येईल. त्याचे आदले साली समुद्रापलीकडील एक टोपीकर वकील दरबारी आला होता, आणि त्याने महाराजांस पुसिले की, आपले राज्यी ज्यांस दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, ऐसी माणसे काय काम करितात? तेव्हां महाराजांनी प्रधानांकडे पाहिले, आणि प्रधानांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, आणि कारभाऱ्यांनी छताकडे पाहिले, आणि छतास काही ठाऊक नव्हते. मग महाराज बोलिले, "करितात, पुष्कळ करितात." आणि वकील बिऱ्हाडी गेल्यावर घाईने फर्मान काढिले की, पागा, दफ्तर, पाकखाना आदिकरून सर्वांनी ऐसा एकेक उमेदवार घ्यावा, त्यास एक उस्ताद नेमून द्यावा, उस्तादाने सालभर हाताशी धरून काम शिकवावे, आणि काम आले की उमेदवारास चाकरीत कायम करावे. फर्मान उत्तम होते. महाराजांची फर्माने सर्वच उत्तम असतात, घोडे अडते ते पुढे.

हे काम राजश्री त्रिंबकपंत कारभारी यांचे गळ्यात पडिले. पंत मनाचे मऊ, आणि दुसऱ्याचे दुःख पाहून रडण्यात त्यांचा हात धरणारा दरबारी कोणी नव्हता. त्यांनी प्रथम या मंडळींस काय म्हणावे याचा खल बसविला, आणि पुष्कळ पानसुपारी होऊन "देवांशी मंडळी" ऐसे नाव ठरिले. खुद्द मंडळींस विचारावे हे कोणास सुचले नाही. मग उमेदवार येऊ लागले, आणि आला उमेदवार की शाल, श्रीफळ आणि चित्रकाराकडून तसबीर, ऐसा सत्काराचा सपाटा पंतांनी लाविला. पागेत एक गडी गेला, त्यास डोळ्यांनी दिसत नसे, तर त्यास घोड्यास हात म्हणोन लावू दिला नाही, घोडा लाथ मारील म्हणोन. सालभर गवताचे गंजीवर बसवून गूळपाणी पाजिले. दफ्तरात कुबडी घेऊन चालणारा एक हुशार लेखक आला, त्याचेकरिता दारी संगमरवरी चढण बांधिली, तीवर वेलबुट्टी काढिली, आणि चढणीचे माथ्यावरचा हातभर उंच उंबरठा तेवढा तैसाच ठेविला, कारण उंबरठा वाडवडिलांचा. आणि साल सरले, आणि पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ, पुन्हा तसबीर होऊन सर्व मंडळी आपापले घरी गेली. कायम कोणी जाहले नाही. पंत मात्र प्रत्येक निरोपाला मनापासून रडले.

दुसरे सालास पाकखान्यात सगुणाबाई नामे उमेदवार आली. ही तांबट आळीतील गोमाजी तांबटाची लेक, जन्मापासून कानाने ऐकू न येणारी, हाताने चपळ, स्वभावाने आगाऊ, आणि मनात एकच घेऊन आलेली की, राजाचे पाकखान्यात आचारीण म्हणोन कायम व्हावयाचे. तिचे उस्ताद नेमिले ते आबाजी नाईक, पाकखान्याचे मुख्य आचारी. नाईकांचे पुरण जितके गोड, तितकी जीभ तिखट. भाजी खारट जाहली, भात चिकटला, की नाईक चुलीपासून ओरडत ते चार दालने पलीकडे ऐकू जाई. "गाढवा, अक्कल खुंटीला टांगून आलास काय!" ऐसे ऐकिले नाही तो पाकखान्याचा माणूसच नव्हे, अशी तेथील चाल, आणि खरे सांगावयाचे तर पाकखान्यात जो तो स्वयंपाक शिकिला तो नाईकांचा ओरडा खाऊनच शिकिला. ऐसे हे नाईक सगुणाबाईपुढे मात्र शेळी जाहले. एक तर पंतांची ताकीद की देवांशी मंडळीस दुखवू नये, आणि दुसरे म्हणजे नाईकांस वाटे, हिला ऐकूच येत नाही तर ओरडून घसा का फोडावा? मग बाईने काहीही केले तरी नाईक हसून मान डोलवीत आणि पाठीवर थाप मारीत. आता बाईचा हात घाईचा. हरभऱ्याची डाळ मऊ शिजण्याआधीच ती गूळ घालून मोकळी होई. जाणते जाणतात की, कच्च्या डाळीत गूळ पडला की मग ती कितीही रटरटवली तरी कणी राहते ती राहतेच. दुसऱ्या कोणी हे केले असते तर नाईकांनी राज्य डोक्यावर घेतले असते. येथे ते पाठीवर थाप मारीत, बाईची पाठ वळली की ते पातेले गुपचूप गोठ्यात धाडीत, आणि आपण नवे पुरण घालीत. बाई समजे, आपले पुरण महाराज जेवितात. जेवीत होत्या गाई, आणि त्या ऐशा माजल्या की गोठ्याचे दारातून आडव्या होऊन निघत.

मग एके दिवशी सगुणाबाई गोवऱ्या आणावयास गोठ्यात गेली, आणि गव्हाणीत पाहते तो आपलेच पुरण. तिने बोटाने चिमूट उचलून चोळून पाहिली, तो आतून डाळीची कणी निघाली. ती तेथेच मटकन बसली. मग उठली, ती तरातरा पाकखान्यात आली, आणि नाईकांस बाही धरून सर्वांदेखत गोठ्यापर्यंत ओढीत नेले, आणि गाईकडे बोट केले, आणि आपल्याकडे बोट केले, आणि रागाने रडू लागली. तिचे हात भराभरा चालत होते आणि नाईकांस त्यातले काही उमगत नव्हते. दैवयोगे गोमाजी तांबट तेव्हांच नवी पातेली पोचवावयास आला होता, तो मध्ये पडिला. तो म्हणाला, "नाईक, ती म्हणती, गोड गोड हसून तुम्ही मला गाईंची आचारीण केली. चुकलं तर सांगायचं होतं. आता साल सरलं की नारळ देऊन घरी धाडाल, आन् मी काय शिकले म्हणून सांगू लोकांना?"

नाईकांचे तोंड उतरले. ते म्हणाले, "अरे गोमाजी, पण ओरडू कसा? तिला ऐकू कुठं येतं?"

गोमाजी म्हणाला, "आमच्या आळीत दिवसभर हातोड्यांचा दणदणाट. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. म्हणून भांडणं थांबलीत होय? सारी आळी हातांनी भांडती. दुपारी या, शिकवतो."

आणि खरोखरीच आबाजी नाईक, ज्यांस प्रधानही वचकून असत, ते दुपारी पाकखाना निवला की तांबट आळीत जाऊन बसू लागले. शिकवावयास गोमाजीची बहीण राहीबाई, आळीतील सर्वांत भांडखोर म्हणोन मुद्दाम निवडिली. तिने प्रथम "गाढव" शिकविले, मग "कच्चे", मग "जळले", मग "डोके ठिकाणावर आहे काय", मग "पुन्हा कर". झारा धरून धरून नाईकांची बोटे ताठलेली, ती वळेनात, आणि आळीतील पोरेबाळे हसून लोळत. परंतु नाईक हटले नाहीत. आणि एके सकाळी सगुणाबाईने डाळीत लवकर गूळ टाकिला, तो नाईकांनी हातातील झारा खाली ठेविला, उजेडात तिचे समोर येऊन उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी तिला जी दटाविली की, सारा पाकखाना कामे टाकून पाहत राहिला. पूर्वी नाईक भिंतीकडे तोंड करून ओरडत, ज्यास लागायचे त्यास लागे. आता दटावायचे तर तोंडाकडे पाहणे आले. सगुणाबाई अपमानाने लाल जाहली, आणि मग तिने डाळ बोटाने चिरडून पाहिली, आणि मग तिला कळले. त्या दिवसापासून तिची डाळ लोण्यासारखी शिजू लागली, आणि गोठ्यातील गाईंस त्याचे फार वाईट वाटिले असेल. पाकखान्यातील इतर मंडळीही हळूहळू हातांची बोली शिकली, कारण आज शिव्या कोणास पडल्या हे न कळता दिवस काढणे त्यांस जड जाऊ लागले.

ऐसे करिता साल सरत आले, आणि तोच टोपीकर वकील पुन्हा आला. पंतांनी शाल काढिली, चित्रकार बोलाविला, आणि महाराज व वकील यांस घेऊन निरोपाचे सत्कारास पाकखान्यात आले. सगुणाबाई तव्यापुढे पुरणपोळ्या करीत होती. महाराज कौतुकाने पुढे सरकून वाकले, बाईचे लक्ष उडाले, आणि पोळी एका बाजूने काळी ठिक्कर पडिली. पंत म्हणाले, "छान, छान!" आणि इतक्यात नाईकांनी झारा खाली ठेविला, आणि महाराज समोर, वकील समोर, तरी भीडभाड न ठेविता दोन्ही हातांनी बाईवर तुटून पडिले. पंत ओरडले, "अहो नाईक, पाहुण्यांसमोर देवांशी बाईस दटावता!" तोच सगुणाबाईने उलाथणे आपटिले, आणि तिचेही हात सुटले, आणि ते नाईकांपेक्षा दुप्पट वेगाने. महाराजांनी पुसिले, "ही काय म्हणते?" नाईक म्हणाले, "अभय असावे. ती म्हणते, सरपण ओलं आणलंत तुम्ही, नि वर मलाच बोलता. आणि हे जे पोट पुढं घेऊन उभे आहेत त्यांना बाजूला व्हायला सांगा, उजेड अडतो."

महाराजांनी आपले पोटाकडे पाहिले, आणि मुकाट्याने दोन पावले मागे सरिले. मग म्हणाले, "पंत, उमेदवार कधी उस्तादास उलट बोलतो काय?" पंत म्हणाले, "छे महाराज! साल सरेतो मान वर करीत नाही." महाराज म्हणाले, "बरोबर. उलट बोलतो तो कायमचा चाकर. आम्ही रोज दरबारात पाहतो. त्याअर्थी ही केव्हांच कायम जाहली आहे, आम्हांस कळविले नव्हते इतकेच." आणि सर्वांनी टाळ्या पिटल्या, आणि पंत रडिले, आणि वकिलाने टोपी काढिली.

एकटी सगुणाबाई काही न कळून उभी होती. सगळ्यांची तोंडे हालत होती, सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि पंतांचे हातातील शाल पाहून ती समजली की संपले, आता घरी. तिचे डोळे भरून आले. तिला सांगावयास नाईक पुढे धावले, आणि हात वर करून तैसेच थांबिले. कारण राहीबाईने त्यांस फक्त रागावणे शिकविले होते, आनंदाची एकही खूण त्यांस येत नव्हती. मग होती ती सारी बोली एकवटून त्यांनी हात चालविले, "गाढवे. उद्या ये. परवा ये. रोज ये. उशीर केलास तर याद राख." सगुणाबाई पाहत राहिली. मग तिने तोंडास पदर लाविला, आणि जोराने हुंदका आला तो तिला ऐकू आला नाही, बाकी सर्वांस आला. आबाजी नाईक धूर डोळ्यांत गेला ऐसे सांगत चुलीकडे वळिले, आणि चूल तेव्हां विझली होती.

येणेप्रमाणे महाराजांचे फर्मान एकदाचे एका जागी अमलात आले. सगुणाबाई दुसरे दिवशी चाकरीवर आली. उशिरा आली.