सामंतकाका आणि त्यांचे भांडखोर इलेक्ट्रॉन

आमच्याकडे चहाला येताना सामंतकाका घरून वाटीभर गार ताक घेऊन येतात. प्यायला नव्हे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा त्यांनी दोन्ही टोकांना पिळून जोडल्यात, मध्ये मीटर. एक टोक माझ्या चहात बुडतं, दुसरं ताकात. आकडा हलला की म्हणतात, "बघ. एक बाजू गरम, एक गार. फरक असला की वीज." त्यानंतर तो चहा मी आनंदाने प्यावा, अशी त्यांची अपेक्षा असते.

भांडुपच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये ते आमच्या शेजारी एकटे राहतात. अख्खी नोकरी प्रयोगशाळेत गेली. धातूचा तुकडा एका बाजूने तापवायचा आणि किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. त्यातही जीव भांडखोर इलेक्ट्रॉनांच्या धातूंवर.

"तांब्यातले इलेक्ट्रॉन टॉवरवाल्यांसारखे गं. कुणाला कुणाचं पडलेलं नाही. तापवलं तरी व्होल्टेज एवढुस्सं. पण काही धातूंतले असतात ना, ते आपल्यासारखे. परब बांगडे तळतो, जोशीण खिडकी आपटते, माझी दुपारची झोप मोडते, मी तुझी बेल वाजवतो. एकाला चटका, सगळी बिल्डिंग जागी. तिथे व्होल्टेज झकास."

मग रीडेव्हलपमेंट आलं, म्हणजे आमची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर. सगळ्यांच्या सह्या झाल्या, काका हटून बसले. म्हाताऱ्याला जास्त जागा हवी, असं सेक्रेटरी परबांनी ठरवून टाकलं. आधी मोठी बाल्कनी देऊ केली, मग दोन गाड्यांचं पार्किंग. काकांकडे साधी सायकलही नाही.

शेवटी मीच भडकून गेले. "काका, आमच्या छताचे पोपडे आमटीत पडतायत. तुम्हाला नेमकं हवंय काय?"

ते जमिनीवर नव्या इमारतीचा नकाशा पसरून बसले होते. त्यांचं घर अकराव्या मजल्यावर, आमचं चौथ्या.

"तुझी काकू गेली ना," ते म्हणाले, "तेव्हा मी कुणाला हाक मारली नव्हती. तोंडातून आवाजच फुटेना. हातातलं पातेलं तेवढं पडलं आणि तुम्ही सगळे धावत आलात. तिकडे पातेलं पडलं तर कोण येणार गं?"

इतके दिवस आम्ही या माणसाला पार्किंग देत होतो. मी त्यांच्याच पेन्सिलीने अकराव्या मजल्यावर फुली मारली आणि चौथ्यावर, आमच्या शेजारच्या घरात त्यांचं नाव लिहिलं.

"परबांना सांगून हे बदलून घेते. मग कराल सही?"

काकांनी चष्मा पुसला, नकाशा जवळ ओढून बराच वेळ पाहिला.

"करतो," ते म्हणाले. "फक्त मधली भिंत पातळ ठेवायला सांग."