गुल्हाने सरांची अंगठाबंदी

गुल्हाने सरांना तुम्ही तोंडावर म्हातारा म्हणा, चालेल. त्यांच्या स्कूटरला लाथ मारा, तेही चालेल. ती त्याशिवाय सुरूच होत नाही. पण मोबाइलवर त्यांना अंगठा पाठवू नका. तोच तो पिवळा, उभा अंगठा, जो आपण सगळे दिवसातून पन्नास वेळा कोणालाही पाठवतो. सरांच्या ग्रुपवर तो पाठवलात की संध्याकाळच्या आत तुमचं नाव तिथून गेलं म्हणून समजा.

ग्रुप म्हणजे 'पंप-पॅनल तांत्रिक मदत मंच, आर्णी'. विहिरीवरची मोटार बसली, स्टार्टर धरत नाही, केबल जळली, सोलर पंपाच्या डब्यावर लाल दिवा लागला, की शेतकरी इथे विचारतात आणि मेकॅनिक, वायरमन लोक उत्तर देतात. फुकट. आर्णी, दिग्रस, ढाणकी, पार वणीपर्यंतची पाच-सहाशे माणसं आहेत. सर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचे. निवृत्त झाले, हाताखालचा वर्ग सुटला, म्हणून त्यांनी मोबाइलवर मोठा वर्ग भरवला, असं मी बरीच वर्षं समजत होते.

माझं बसस्टँडच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरणे, प्रिंट काढणे, लॅमिनेशन करणे. सर दर पंधरा दिवसांनी ग्रुपची नियमावली घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, सुधारित प्रत." एकदा मी त्यांच्या नियमावलीतल्या चार चुका दाखवल्या. सरांनी मला तिथल्या तिथे ग्रुपची दुसरी अॅडमिन करून टाकलं. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही. सर म्हणाले, "तुमाले वाचता येते. बाकीच्याईले तेच येत नाही."

नियम एकूण एकोणचाळीस. प्रत्येकाच्या मागे एकेक माणूस आहे. 'अर्जंट असे लिहू नये', हा नियम दिग्रसच्या एका बागायतदारामुळे आला. तो मोटार चालू असली तरी अर्जंट लिहायचा. सरांनी त्याला उत्तर दिलं, "पाणी सगळ्याईलेच अर्जंट आहे." 'मोटारीचा आवाज तोंडाने काढू नये' हा ढाणकीच्या एका काकांचा. त्यांनी मोटार कशी घरघरते ते स्वतः करून, रेकॉर्ड करून पाठवलं. सरांनी तीन वेळा ऐकून बेअरिंग गेल्याचं निदान केलं. बेअरिंग खोललं तर नवंकोरं. काकांना सर्दी झाली होती.

सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणाऱ्यांना सर काढत नाहीत, दंड करतात. दंड म्हणजे आपल्या शेतातल्या पॅनलच्या अर्थिंगचा फोटो टाकायचा. अर्थिंग नसेल तर आधी करायचं, मग टाकायचा. या दंडापायी आमच्या तालुक्यात जेवढी अर्थिंगं झाली तेवढी कुठल्या शिबिरानं झाली नसतील. एका भाऊंनी तर सासऱ्याच्या शेतातल्या अर्थिंगचा फोटो टाकला आणि सरांनी मागचं बाभळीचं झाड ओळखून पकडलं.

एका नियमावर मात्र सर खरोखर तापतात. कोणी साधा प्रश्न विचारला आणि दुसऱ्यानं 'एवढंही समजत नाही काय' म्हटलं, की संपलं. त्या दुसऱ्याला ग्रुपवर माफी लिहावी लागते. मी एकदा म्हटलं, सर, थट्टा चालते हो थोडीफार. तर चष्मा काढून म्हणाले, "ताई, विचारणाऱ्याले हसलं ना, का पुढच्या वेळी तो विचारत नाही. डायरेक्ट हात घालते."

आणि नियम पहिला, अंगठाबंदी. उत्तर मिळालं की अंगठा पाठवायचा नाही. 'वाचलं. समजलं.' असं लिहायचं आणि खाली स्वतःचं नाव. उत्तर देणाऱ्यानंही तसंच. नुसतं 'ओके' चालत नाही, जोडलेले हात चालत नाहीत. सरांचं पालुपद एकच, "पुरं वाचा, मंग बोला." घरीसुद्धा तेच. भाजी कशी झाली म्हणून काकूंनी विचारलं तर सर मान हलवत नाहीत. "जेवलो. बरी झाली," असं पूर्ण वाक्य बोलतात. काकू म्हणतात, खाली सहीच राहिली तेवढी.

सरांचा आणखी एक विक्षिप्तपणा सांगते. रोज चारच्या सुमाराला ते दुकानात येतात तेव्हा खिशात कागदात बांधलेलं एक पान असतं. ते माझ्या काउंटरवर ठेवतात आणि विसरून गेल्यासारखं करून निघून जातात. सर पान खात नाहीत, सुपारीही नाही. माझे मिस्टर ते पान खातात आणि सरांना दीर्घायुष्य चिंततात. एकदा मी विचारलं, "सर, खात नाही तर घेता कशाला?" सर म्हणाले, "घेतलं का खाल्लंच पायजे, असा नियम नाही." नियमांचा माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार.

यंदा दिवाळीनंतर हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं आणि ग्रुप नुसता वाहायला लागला. एक प्रश्न, दहा उत्तरं आणि त्याखाली चाळीस वेळा 'वाचलं, समजलं'. तेव्हा प्रवीणनं बंड केलं. प्रवीणचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सरांचाच जुना विद्यार्थी, ग्रुपवर सगळ्यात जास्त उत्तरं तोच देतो. त्यानं लिहिलं, "सर, माणसं नियम वाचून वाचून थकून राह्यली. एक तर अंगठा चालू करा, नाही तर अॅडमिनपद सोडा. मत घेऊ. ज्याले अंगठा पायजे त्यानं अंगठा पाठवा."

आता यात गंमत अशी की नियम अजून लागू होता. अंगठा पाठवला की माणूस बाहेर. त्यामुळे पाच-सहाशे जणांपैकी अकरा वीरांनी अंगठा पाठवला, आणि सरांनी अकराच्या अकरा जणांना काढून टाकलं. प्रवीण खवळला. म्हणाला, रविवारी दुपारी समोरासमोर बैठक घेऊ, ताईच्या दुकानात. सर ऐकत नसतील तर मी नवीन ग्रुप काढतो, बिननियमाचा, आणि सगळे तिकडे येतील. येणारच होते. प्रवीण गेला की ग्रुपवर सर आणि सर्दीवाले काकाच उरले असते.

खरं सांगते, मी प्रवीणच्या बाजूची होते. त्या एकोणचाळीस नियमांच्या प्रती काढून काढून माझ्या मशीनचा जीव जात होता. मी स्वतः बसून सहा नियमांचा सुटसुटीत कागद तयार केला. त्यात अंगठा चालणार होता. प्रवीणला पाठवलाही. त्यानं मला अंगठा पाठवला.

सरांना हे कळलं असावं. गुरुवारपासून ते दुकानात आलेच नाहीत. शनिवारी मिस्टर म्हणाले, "माझ्या पानाचं काय?" मी म्हटलं, एवढी तलफ आहे तर आणते, पण ते येतं कुठून? डब्यातल्या जुन्या पुडीच्या कागदावर ठेल्याचं नाव होतं. विलास राठोडचा पानठेला, बसस्टँडच्या पलीकडच्या तोंडाला.

विलासला मी ओळखत होते. अपंगत्वाच्या दाखल्याचा त्याचा फॉर्म मीच भरला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली आणि बाकीचा पंजा आखडलेला. कारणाच्या रकान्यात 'विजेचा धक्का' असं मीच लिहिलं होतं. पुढे विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये तेवढीच जागा असते.

तो डाव्या हातानं पान लावत होता. मी सहज म्हटलं, "सर येतात ना रे तुझ्याकडे रोज? खात तर नाहीत ते."

"माहीत आहे मले," विलास म्हणाला. "सात-आठ वर्षं झाली. रोज येतेत, पान बांधून घेतेत. हाताकडे पाहत नाहीत. कधीच नाही."

मी उद्याच्या बैठकीचं बोलले. अंगठ्याच्या नियमाचं हसून बोलले. विलास हसला नाही. चुन्याची काडी खाली ठेवून म्हणाला, "ताई, तो नियम माह्याच पायी आहे."

विलास सरांचा विद्यार्थी. शिकून बाहेर पडला आणि तांड्याकडच्या शेतांतली मोटारींची कामं करू लागला. एकदा एका विहिरीवर स्टार्टर उघडायचा होता. त्यानं सरांना मेसेज टाकला. लांबलचक होता, सरांनीच शिकवल्यासारखा: मोटार किती पॉवरची, केबल कोणती, काय काय तपासलं. मग 'लाइन गेलेली आहे'. आणि शेवटी, 'पण टेस्टर एका तारेवर पेटून राह्यला, टेस्टर जुना आहे, उघडू काय?' सर कोणाच्या तरी लग्नात पंगतीत बसले होते. लाइन गेली इथपर्यंत त्यांनी वाचलं आणि डाव्या हातानं अंगठा पाठवून दिला. लाइन सगळी गेलेली नव्हती. तीनपैकी एक तार जिवंत होती.

"सर दवाखान्यात आले," विलास म्हणाला. "बोलले काहीच नाही. माह्या उशाशी बसले आन माहाच फोन घेऊन तो मेसेज वाचत राह्यले. खालपर्यंत वाचायचे, मंग पुन्हा वरून. लय वेळ. मंग फोन ठेवला आन गेले. त्याच्यानंतर दोन महिन्यांत ग्रुप काढला."

"तू काही बोलला नाहीस त्यांना?"

"काय बोलू? चूक माही होती ना ताई. टेस्टर पेटताना मले दिसत होता. हे त्याईले सांगाचं आहे, पण ते विचारत नाहीत. ते पान मागतेत, मी लावून देतो. एवढंच चालते आमचं." पान कागदात ठेवत म्हणाला, "मी आहे ग्रुपात. सगळं वाचतो. लिहीत नाही कधी. सरले वाटंन, हात दाखवून राह्यला." आणि मग, "कोणाले सांगजा नका. सरची इज्जत जाईल."

पान घेऊन मी परत आले. मिस्टरांनी ते खाल्लं आणि छान आहे म्हणाले. मला मात्र संध्याकाळभर रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. एवढी वर्षं माझ्या काउंटरवर त्या माणसाचं पान पडत होतं आणि मी त्याला विक्षिप्तपणा म्हणत होते. बाकीचे अडतीस नियम त्यांनी त्या एका नियमाला सोबत म्हणून केले असणार, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी आठ-दहा जण जमले. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर नियमावलीची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. प्रवीण म्हणाला, "ताईनं नवीन कागद काढला आहे सहा नियमांचा. दाखवा ताई."

"मशीनमध्ये अडकला," मी म्हटलं.

"मोबाइलवर आहे ना माह्या."

"तो कच्चा होता. हे बघ प्रवीण, अर्जंट लिहायचं तर लिहा, फुलं पाठवायची तर पाठवा, ते काढलेले अकरा जण आजच आत घ्या. अंगठा मात्र बंद राहील. दुसरी अॅडमिन मी आहे आणि मी सांगून राहिले."

"काहून पण?"

"ते मला सांगता येत नाही."

प्रवीण माझ्याकडे बघतच राहिला. मला मोटारीतलं काही कळत नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं ते बोलून दाखवायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दुकानातले सगळे फोन एकदम वाजले. ग्रुपवर मेसेज आला होता.

'नियम पहिला पुन्हा पुरा वाचला. समजलं. तो राहू द्या. त्या दिवशी टेस्टर पेटून राह्यलता हे मले दिसत होतं, तरी मी हात घातला. चूक माझी. विलास राठोड, पानठेला.'

"हा विलास तर कधी लिहीत नाही," कोणीतरी म्हणालं. प्रवीण मेकॅनिक आहे, विलासकडचं पान खातो, तो हात त्यानं रोज पाहिलेला आहे. त्यानं मेसेज दोनदा वाचला, एकदा सरांकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. म्हणाला, "राहू द्या मंग. बाकीचे कमी करू." बाकीच्यांना फारसं काही उमगलं नाही, पण प्रवीणच मानला म्हटल्यावर तेही उठले.

सर स्टुलावरून हलले नाहीत. फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते. खालपर्यंत जायचे, मग पुन्हा वरून. दुकान रिकामं झाल्यावर उठून काउंटरशी आले.

"ताई, याची एक प्रत काढून द्या. लॅमिनेशन करून."

मी काढून दिली. त्यांनी ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली. मग खिशातून पुडी काढली आणि सवयीनं काउंटरवर ठेवली. म्हणजे बैठकीला येण्याआधीही ते तिकडे जाऊन आले होते. मी मिस्टरांसाठी ती उचलणार, तोच सरांनी ती परत घेतली, उघडली आणि अख्खं पान तोंडात घातलं. औषध घेतल्यासारखा चेहरा करून चावत राहिले. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"चुना जास्त आहे," पान संपवून म्हणाले.

"मग सांगा त्याला. लिहून टाकू का ग्रुपवर?"

"नाही," सर म्हणाले. "जाऊन सांगतो." आणि स्कूटरला लाथ मारायचंही विसरून, ती तिथंच ठेवून, पायीच बसस्टँडकडे निघाले.