ओव्हरक्लॉक केलेले बोंबील

दया, थांब! चहा सांगायचा तर सांग, पण आधी ऐक. आत्ता घरून निघताना जे झालंय ना, ते ऐकल्याशिवाय मी तुला या स्टँडवरून हलू देणार नाही. तुझी पेणची गाडी सुटली तर सुटू दे, मागून दुसरी येते. माझी जी गाडी सुटलीय तिच्या मागून काही येत नाहीये.

हे बघ, खिशात तीन हजार आहेत. आमच्या हिने, कीर्तीने, मोजून दिलेत. यात मला लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्ड आणायचंय. बोंबलांसाठी.

हसू नकोस. पहिल्यापासून सांगतो.

तुला कॉम्प्युटरमधले फक्त पत्ते कळतात, म्हणून सोपं करून सांगतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसते ती वीट. ती चांगली असली की गेममधलं गवतसुद्धा वाऱ्यावर हलतं. (माझ्या जुन्या कार्डवर गवत सोड, शत्रूसुद्धा हलायचा नाही. तो मला गोळी घालायचा आणि मी मेल्यावर मला दिसायचा.) यंदा नवीन कार्ड बाजारात आलं. अमेरिकेतला भाव नेटवर होता. मी डॉलरला रुपयाने गुणलं आणि खूश झालो. पण आपल्याकडे नवीन कार्डाचा भाव गुणाकाराने निघत नाही रे, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदार शेठच्या मूडने निघतो. मी रोज कंटेनर यार्डाच्या ऑफिसातून त्याला फोन करायचो.

"शेठ, उतरला का?"

"मिथुनभाई, नया माल है. अभी तो चढेगा."

मी थांबलो की भाव चढायचा, मी निघालो की स्टॉक संपायचा. आपल्या मच्छी मार्केटात पापलेटसुद्धा एवढे नखरे करत नाही. शेवटी एक दिवस शेठचाच फोन आला, "लास्ट पीस है." झालं! माझ्या खात्यात सोफ्याचे पैसे पडून होते. दिवाळीला सोफा घ्यायचा म्हणून कीर्ती आणि मी मिळून साठवलेले. मी म्हटलं, दिवाळी कुठे पळतेय? यार्डात ओव्हरटाइम करू, तोवर भरून टाकू. इतका छोटासा निर्णय, दया. इतकासा.

घरी आलो. कीर्तीने खोका बघितला.

"कितीला?"

"अठ्ठावीसशे."

(अठ्ठावीस हजार. पण मी आकडा बदलला नाही हां. अठ्ठावीस ते अठ्ठावीसच. फक्त एक शून्य येताना वाटेत पडलं. आणि हे मी कोणाला सांगतोय? जी शाळेत गणित शिकवते तिला.)

तिने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. "दोन एवढेसे पंखे लावलेत आणि अठ्ठावीसशे? चांगलंच कापलंय तुला."

मी मान खाली घालून म्हटलं, "हो ना."

आता कार्ड घेतलं की कुठलाही समजूतदार माणूस गप्प गेम खेळेल. मी ओव्हरक्लॉक करायला बसलो. म्हणजे काय, कंपनीने कार्डाचा एक वेग ठरवून दिलेला असतो. आपण सॉफ्टवेअरमध्ये एक दांडी पुढे सरकवायची की ते त्याहून जोरात पळतं. आणि जोरात पळालं की तापतं. मग ते टिकतं की बंद पडतं हे बघायला एक टेस्ट लावायची. स्क्रीनवर एक केसाळ गोळा गरगर फिरत राहतो, कार्ड तापत जातं, आणि आपण पुढ्यात बसून नखं खायची. मजा आहे यात. कीर्तीला विचारू नकोस.

याच सुमारास सासूबाई आल्या. गुणाबाई, उरणजवळच्या मोऱ्याच्या. उभा जन्म मासळी विकण्यात गेला, अजून आवाज असा की धक्क्यावर बोलल्या तर लाँचवाला वळून बघतो. घराचे पत्रे बदलायला काढले होते म्हणून लेकीकडे राहायला आल्या, आणि येताना पावसाळ्याची सगळी बेगमी घेऊन आल्या. बोंबील, सुकट, वाकट्या. गोणीच्या गोणी! इकडे ऊन नाही, हवा दमट, दोन दिवसांत बोंबील सादळले. वास असा सुटला की खालून सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज काका विचारायला आले, "कोणाकडे काही मेलंय का?" आईंनी त्यांच्या हातात बोंबलांची जुडी ठेवली. त्यानंतर काकांना वास येणं बंद झालं.

त्या रविवारी सकाळी मी टेस्ट लावून आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर कॉम्प्युटरच्या मागे दोरी, दोरीवर बोंबील ओळीने लटकतायत, आणि आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पंख्यातून येणाऱ्या हवेत हात धरून बघतायत.

"जावयबापू, ही हवा लय ब्येस गरम हाय. बगा, सुकतायत."

मनात म्हटलं, एक सुकटीचा कण आत गेला तर माझे अठ्ठावीस हजार, म्हणजे अठ्ठावीसशे, संपले. "आई, बोंबील मागेच ठेवा हां, पुढून हवा आत ओढली जाते," एवढंच म्हणालो.

"मना शिकवू नका. वारा कुठून येतो ता मना समाजतं."

आणि दया, खरं सांगू? मला बरं वाटलं! इतकी वर्षं या घरात माझ्या ओव्हरक्लॉकिंगला कोणी विचारलं नव्हतं. आता आई सकाळी चहा घ्यायच्या आधी येऊन स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघायच्या.

"काल येच्यापेक्षा जास्त होता. वाढवा."

"आई, जास्त वाढवलं तर बंद पडेल."

"कायपन नाय व्हत. वाढवा!"

कीर्ती ओरडायची, "लाईटबिल कोण भरणार?" आई म्हणायच्या, "तू गप ऱ्हा, जावय काम करतायत." दया, माझ्या कुठल्याच कामाला घरात कोणी काम म्हटलं नव्हतं. माझी छाती फुगली. मी दांडी आणखी सरकवली. त्या आठवड्यात मी आयुष्यातला सगळ्यात मोठा वेग गाठला आणि नेटवरच्या फोरमवर स्क्रीनशॉट टाकला. लोकांनी विचारलं, कुलिंग कुठलं? मी म्हटलं, ओपन एअर. (बोंबलांचं काही बोललो नाही.)

तिथेच थांबलं असतं तर मी आज तुझ्याबरोबर शांतपणे वडापाव खाल्ला असता. पण आईंनी मोऱ्याला फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी चंद्रावती मावशी दारात. आईंची धाकटी बहीण. सुक्या मासळीचा मोठा धंदा, उरणच्या बाजारात तिच्यासमोर भाव करायला माणसं घाबरतात. तिने चपला काढल्या, आत आली, दोरीवरचा एक बोंबील कटकन मोडून बघितला, आणि म्हणाली,

"कितीचा हाय यंतर?"

"अठ्ठावीसशे," कीर्ती म्हणाली. मोठ्या अभिमानाने.

"मी घेतं."

दया, माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी म्हटलं, "मावशी, हे एकटं चालत नाही, याला कॉम्प्युटर लागतो."

"आमच्या आनंदाकडं हाय कंपूटर. दुकानान लोकांच्या मोबायलान गानी भरतं."

"मावशी, वापरलेलं आहे हे!"

"मग पंचवीसशे."

आता मला वाटलं, भाव एवढा वाढवू की बाई उठून जाईल. म्हटलं, "पाच हजार!"

मावशीचे डोळे चमकले. तिने पदर खोचला. तिथे माझं चुकलं, रे. सुकी मासळी विकणाऱ्या बाईसमोर भाव वाढवायचा म्हणजे तिला खेळायला बोलावणं!

"सव्वीसशे."

"सहा हजार!"

"कीर्ते, तुजा दादला भाव खाली आनायचा सोरून वर नेतं! सत्तावीसशे."

माझा तोल गेला. मी ओरडलो, "अठ्ठावीस हजार! मावशी, या कार्डाची किंमत अठ्ठावीस हजार रुपये आहे!"

बघ दया, मी खरं बोललो. तीन साक्षीदारांसमोर, छातीवर हात ठेवून. आणि काय झालं? आधी मावशी हसली. मग आई हसल्या, इतक्या की ठसका लागला. कीर्ती तर भिंतीला टेकून हसत होती. "अगं, त्याला शून्यं कळत नाहीत!" गणिताची बाई माझ्याबद्दल हे म्हणाली.

हसणं थांबल्यावर मावशीने कनवटीतून तीन हजार काढले, कपाळाला लावले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "घे, दोनशे जास्ती. सकालची येल हाय, तुजी भवानी करतं."

मी हात मागे घेतला तर आई ओरडल्या, "भवानीला नाय बोलता? दिवसाचा पयला गिऱ्हाईक परतवता?" असा चेहरा केला जसं काही मी देवळातल्या दिव्यावर फुंकर मारलीय. आता मला सांग, सासू आणि मावससासू दोघी मासळी विकणाऱ्या, त्यांच्यासमोर भवानी मोडायची हिंमत कोणाच्या बापात आहे? मी मूठ मिटली. कीर्तीने ती उघडून पैसे घेतले.

संध्याकाळी मावशीचा मुलगा आनंदा बाईकवरून कार्ड न्यायला आला. पोरगा हुशार. खोका बघितला आणि त्याचे डोळे एवढे झाले. मला गॅलरीत घेऊन गेला.

"दाजी, याचा खरा भाव मला माहितीये."

"आनंदा, ताईला बोलू नकोस. सोफ्याचे पैसे आहेत."

"छे छे! मी कशाला बोलू?" त्याने खोका पोटाशी असा धरला होता जसं तान्हं बाळ. "मला तर तीन हजारांतच मिळालंय."

मी जुनं कार्ड परत बसवलं. शत्रू पुन्हा मेल्यावर दिसायला लागला. मी मनाला समजावलं, गेलं तर गेलं, लफडं तरी मिटलं. ओव्हरटाइम करून सोफ्याचे भरू.

आणि आज सकाळी मावशीचा फोन. स्पीकरवर.

"कीर्ते! तुज्या दादल्यानं मना ठकवलं! हवा गारेगार येतं! बोंबील आनखी भिजलं!"

मागून आनंदाचा आवाज, आनंदाने फुटलेला, "दाजी! मी कॉम्प्युटरचा कॅबिनेट बर्फाच्या पेटीला टेकवून ठेवलाय! मासळीचा बर्फ! तुमच्या रेकॉर्डच्या कितीतरी वर गेलं! फोरमवर टाकलंय, बघा!"

बघितलं मी. माझ्या स्क्रीनशॉटच्या खाली टाकलंय, आणि त्याला शाबासक्या जास्त आल्यात.

पण त्याही अवस्थेत माझं डोकं चाललं. मी फोनवर झडप घातली. "मावशी, चूक माझीच! ते परत पाठवा, मी तीन हजार लगेच परत देतो! आत्ता!"

"येडा झाला का रं? भवानीचा माल परत देत नाय. दोगांचा धंदा बसतं. ता आनंदाकडं ऱ्हाऊ दे, पोर खूश हाय. मना दुसरा आन. गरमवाला."

मी म्हटलं, "मावशी, गरमवाला वेगळा नसतो..." पण कीर्तीने फोन हातातून घेतला. "मावशी, तू काळजी करू नकोस. तो आत्ता जाईल." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"मिथुन, आपण तिच्याकडून दोनशे जास्त घेतलेत. माझ्या माहेरी माझं नाक कापलं जाईल. ऊठ, दुसरं घेऊन ये."

आणि तेच तीन हजार माझ्या हातावर ठेवले. आई प्लास्टिकच्या खुर्चीतून म्हणाल्या, "जावयबापू, येताना भाव करा. दोन घेतलं तर कमी करतील. आमच्या शेजारनीला पन होवा."

मी चपला घालत होतो, तर कीर्ती मागून म्हणाली, "आणि लवकर ये. खुर्चीत बसून आईची कंबर धरलीय, दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? संध्याकाळी सोफा बघायला जाऊ. पैसे तर आहेतच की तुझ्या खात्यात."

म्हणून मी इथे उभा आहे, दया. शेठला आत्ता फोन केला, म्हटलं, भाव काही उतरला का? म्हणाला, "मिथुनभाई, आज थोडा चढा है. मोरा की तरफ से किसी लड़के ने रेकॉर्ड बनाया, उसके बाद से बहुत डिमांड है."

खरं सांगायला घरी जाऊ म्हटलं, तर खरं मी एकदा सांगून बसलोय, तिघींना अजून आठवून हसू येतं. तीन हजारांत कार्ड येत नाही, सोफा येत नाही, आणि संध्याकाळ मात्र येतेय. शिवाय कीर्तीने बजावलंय, "अठ्ठावीसशेचं आहे, वरचे दोनशे परत आण."

हे बघ, चहाचे पैसे तू दे. यातले मोडले तर हिशेब लागायचा नाही. आणि आता खरं सांग दया, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?